नहपानाचं नाक, हत्तीची सोंड

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी उन्हं तापायच्या आत जी माणसं फिरताना दिसतात, त्यांत एक जमात ओळखायला फार सोपी असते. तिचा सभासद उकिडवा बसलेला असतो. समोरच्या ताडपत्रीवर गंजलेली कुलुपं, बंद पडलेली घड्याळं, कान तुटलेले कप, आणि या सगळ्यांच्या पलीकडे एका ताटलीत काळपट चकत्यांचा ढीग. सभासद आधी कुलुपाची चौकशी करतो. मग घड्याळाची. मग उठता उठता ताटलीकडे बोट दाखवून अगदी पडेल आवाजात विचारतो, "आणि हा कचरा कसा दिला?"

विक्रेता त्याच्या वरताण असतो. या माणसाच्या खिशातून डोकावणारं भिंग त्याने बाजाराच्या तोंडालाच टिपलेलं असतं. "शिवाजी महाराजांच्या वेळचं आहे, काका," तो म्हणतो. ताटलीत सातवाहनांचं नाणं असो की सातव्या एडवर्डचा पाव आणा, जुन्या बाजारात सगळं महाराजांच्या वेळचंच असतं. पुढे बराच वेळ दोघंही एकमेकांशी मनापासून खोटं बोलतात. एकाला हे नाणं मुळीच नको असतं, दुसऱ्याला ते मुळीच विकायचं नसतं. अखेर नाणं हात बदलतं. विक्रेत्याला वाटतं गिऱ्हाईक बनलं, गिऱ्हाइकाला वाटतं विक्रेता बनला, आणि दोघंही खुशीत चहा प्यायला जातात. अर्थात वेगवेगळ्या टपऱ्यांवर.

जगातली बाकी माणसं पैसे देऊन वस्तू घेतात. नाणेवेडा पैसे देऊन पैसे घेतो, आणि तेही असे, की ज्यांच्या बदल्यात कोपऱ्यावरचा दुकानदार काडेपेटीसुद्धा देणार नाही. नाणं बाजारात चालायचं थांबलं, की याच्या लेखी ते चालायला लागतं. ठसा वाकडा बसला, अक्षर चुकलं, शत्रूने त्याच्यावर दुसरा शिक्का हाणला, सरकारला लाज वाटून ते मागे घ्यावं लागलं, असं काही विपरीत घडलं की मग त्याला झोप येत नाही. पैशांच्या बाबतीत शहाणी माणसं ज्या ज्या गोष्टी टाळतात, त्या सगळ्या हा माणूस अल्बमच्या कप्प्यांत नीट लावून ठेवतो.

छंद तसा खानदानी आहे. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस सॅटर्नेलियाच्या सणाला ज्या भेटी वाटायचा, त्यांत जुन्या राजांची आणि परमुलखातली नाणीही असायची, असं त्याचा चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलं आहे. म्हणजे सम्राटाकडून भेट मिळाली म्हणून मान ताठ करून आणि ती कुठे खपवायची या विवंचनेत मान खाली घालून घरी परतलेला एखादा पाहुणा तेव्हाच्या रोममध्येही असणारच. चौदाव्या शतकात कवी पेत्रार्क रोममध्ये असला, की द्राक्षमळे खणणारे मजूर सापडलेली नाणी घेऊन त्याला गाठायचे आणि यावर चेहरा कोणाचा, ते विचारायचे. पुढे १३५४ साली मांतुआ शहरात सम्राट चौथ्या चार्ल्सची गाठ पडली, तेव्हा पेत्रार्कने त्याला जुन्या रोमन सम्राटांची सोन्याचांदीची नाणी नजर केली आणि वर उपदेश केला, की यांच्यासारखा वाग. नाण्यासोबत व्याख्यान फुकट देण्याची संग्राहकांची खोड इतकी जुनी आहे.

आपल्याकडे तर मामला आणखी पुढचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची जलप्रवासाची वही लिहिली. तिच्यात कल्याण आहे, पैठण आहे, तेर आहे. भडोचबद्दल तो सांगतो, की तिथल्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून चालतात. हे राजे जाऊन तेव्हा जवळपास दोनशे वर्षं झाली होती. थोडक्यात, भडोचमध्ये सगळं गावच जुनी नाणी बाळगून होतं. फरक एवढाच, की ते लोक ती खर्चही करत.

बाहेरच्या माणसाची एक ठाम समजूत असते: जितकं जुनं तितकं महाग. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या नातेवाइकाचा हा गैरसमज दूर करताना नाणेवेड्याची जिलबी गार होते. सातवाहनांनी तांबं, कथील आणि शिसं मिसळून पोटीनची नाणी भरमसाठ पाडली. त्यामुळे अठराशे वर्षांपूर्वीचं, हत्तीची सोंड आणि चार गोलांचं उज्जैन चिन्ह असलेलं अस्सल नाणं आज साध्या हॉटेलात दोघांच्या जेवणाला लागतील तेवढ्या पैशांतही मिळून जातं. याउलट १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया घ्या. आजोबांच्या हयातीतला. त्याची किंमत ऐकून तोच नातेवाईक पाणी मागतो.

सोंडेवरून आठवलं. १९१० साली पाचवा जॉर्ज गादीवर आला आणि पुढच्या वर्षीच्या त्याच्या रुपयावर राजाच्या झग्याच्या कशिद्यात एक बारीकसा हत्ती आला. कोरणाऱ्याने सोंड जरा आखूड केली. लोकांनी रुपया डोळ्यांजवळ नेला आणि त्यांना हत्तीच्या जागी डुक्कर दिसलं. मुसलमानांच्या भावना दुखावल्या, गदारोळ झाला आणि सरकारने पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी ७ लाखांच्या आसपास बाहेर गेले होते, तेवढ्यावर हात आखडता घेतला. बाकीचे वितळवले. १९१२च्या रुपयावर हत्तीला घसघशीत सोंड मिळाली. साऱ्या साम्राज्याचा कारभार एका मिलिमीटरभर सोंडेपायी अडला, याचं कौतुक इतिहासकाराला असेल. नाणेवेड्याला हत्ती नको आहे. त्याला डुक्कर हवं आहे. १९१२चा रुपया दाखवला, तर तो सज्जनपणे मान हलवतो आणि पुढचा कप्पा उघडायला सांगतो.

चुकांचा हा लोभ शिवराईपाशी येऊन कळसाला पोचतो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. एवढा सरळ मजकूर. पण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून संपूर्ण मजकूर एका नाण्यावर मावला असं क्वचितच घडतं. कुठे 'श्री' गेली, कुठे 'राजा शि' उरलं, कुठे 'छत्र' आहे तर 'पति' नाही. त्यात ठसा कोरणारे काही व्याकरणाचे शास्त्री नव्हते. 'शिव'चा 'सिव' झाला, ऱ्हस्वाचं दीर्घ झालं, वेलांटी उलटी फिरली. शाळेत शुद्धलेखनाला ज्याचे गुण कापले गेले, तो माणूस पन्नाशीत अशुद्धलेखनाला पैसे मोजतो आणि प्रत्येक नवी चूक सापडली की मित्रांना फोन करतो. मित्र म्हणतात, "फोटो पाठव." फोटो पाहून म्हणतात, "अरे, ती वेलांटी नाही, ओरखडा आहे." ही मैत्री टिकते, कारण पुढच्या आठवड्यात ओरखडा मित्राच्या नाण्यावर असतो.

शिवराईची आणखी एक अडचण आहे, जी जुन्या बाजारातला विक्रेता कधीच सांगत नाही. महाराजांच्या नावाचा हा तांब्याचा पैसा लोकांच्या इतका अंगवळणी पडला, की पुढचे छत्रपती, पेशवाई आणि ठिकठिकाणच्या खासगी टांकसाळी हाच मजकूर छापत राहिल्या. दोन आडव्या रेघांची 'दुदांडी' शिवराई पेशवाईतली. शिवराई एकोणिसाव्या शतकातही व्यवहारात होती. त्यामुळे हातात आलेली शिवराई खुद्द महाराजांच्या काळातली असण्याची शक्यता थोडी, आणि तसं विक्रेत्याने सांगण्याची शक्यता शंभर टक्के. उलटा प्रकार रुपयांचा. दिल्लीच्या बादशहाचं रक्षण मराठे करत होते, पण मराठी टांकसाळींतल्या चांदीच्या रुपयांवर नाव मात्र शाह आलमचंच. पुण्याच्या अंकुशी रुपयावर पेशव्यांची खूण म्हणून कोपऱ्यात एक अंकुश. सत्ता कोणाची हे चलन सांगत नाही, कोपरा सांगतो. आणि चकती लहान पडली तर तो कोपराही नाण्याबाहेर जातो.

आता घरची आघाडी. नाणेवेड्याचे घरात तीन शत्रू असतात: चिंच, लिंबू आणि दिवाळी. तांब्याच्या नाण्यावर शतकानुशतकं हवा, ओल आणि मातीचा परिणाम होऊन जो तपकिरी-हिरवा थर जमतो, तो त्याचं कवच असतो. खालचा धातू त्याने सांभाळला जातो, अक्षरं त्याच्यामुळे उठून दिसतात आणि नाण्याच्या अस्सलपणाची पहिली साक्षही तोच देतो. संग्राहक त्याच्यासाठी जादा पैसे मोजतो. घरातली कर्ती बाई त्याला कळकट म्हणते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देवांसोबत ताम्हणात शिवराईही जाते, चिंचेचा कोळ आणि रांगोळी लावून तिची पाठ रगडली जाते आणि तीनशे वर्षं जे मातीला जमलं नाही ते पाच मिनिटांत साधलं जातं. नाणं लखलखतं. त्यावर वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं.

"किती छान निघालं बघा!" ती म्हणते. यावर नवऱ्याने काय बोलावं, याबद्दल नाणकशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात मार्गदर्शन नाही.

तिची बाजूही अगदीच लंगडी नसते. कोकणात दाभोळच्या आदिलशाही टांकसाळीत पाडलेली 'लारी' घरात आली, तेव्हा ती काय आहे हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. लारी म्हणजे चांदीची जाड तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेला. गोल नाही, चपटी नाही. केसांच्या आकड्यासारखी दिसते. ती ड्रेसिंग टेबलावर पोचणं ओघानंच आलं. शिवाय तिच्याकडे स्वतःचा असा संग्रह असतो, आणि तो जास्त समजूतदार असतो. व्हेनिसची सोन्याची डुकाट नाणी व्यापारातून इथे आली, 'पुतळी' म्हणून मराठी दफ्तरांत शिरली आणि माळेत ओवली जाऊन गळ्यात बसली. "माझी नाणी घालून मिरवता येतात, आणि अडीनडीला मोडताही येतात," ती म्हणते. "तुमची?" नवरा मग घाईघाईने भिंग पुसायला लागतो.

तरी त्याला एकदा नहपानाबद्दल बोलायची संधी द्यावी. कारण तिथे त्याचं वेड आणि महाराष्ट्राचा इतिहास एकाच चकतीवर भेटतात.

क्षहरात घराण्यातला नहपान हा क्षत्रप, म्हणजे सुभेदाराचा किताब लावणारा राजा. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला त्याचा चेहरा आणि ग्रीक लिपीतला मजकूर, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी अक्षरं. तीन लिप्या, एक राजा, वजन दोन-अडीच ग्रॅम. हा चेहराही सगळीकडे सारखा नाही. कुठे तरणाबांड, कुठे गाल बसलेला म्हातारा, कुठे नाक पोपटाचं तर कुठे बसकं. सातवाहनांच्या गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला आणि क्षहरातांचं नामोनिशाण मिटवल्याचं त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या, नाशिकच्या लेण्यातल्या लेखात नोंदलं गेलं. आता प्रश्न होता नहपानाच्या पैशांचा. नाशिक परिसरात लोकांच्या मडक्यांत, वाटव्यांत शत्रूचा चेहरा खुळखुळत होता.

गौतमीपुत्राने रात्री आठला घोषणा केली नाही, की नाणी बदलून घ्यायला रांगा लावल्या नाहीत. त्याने आपला ठसा घेतला आणि नहपानाच्या तोंडावर हाणला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाच्या नाण्यांचं घबाड सापडलं, तेरा हजारांहून अधिक. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर हा दुसरा ठसा होता. इतिहासकारांचा एक मोठा वाद या मडक्याने मिटवला. नहपानाच्या राज्यानंतर लगेच गौतमीपुत्राचं राज्य आलं, हे नाण्यांनी सांगितलं, आणि नाण्यांना खोटं बोलण्यात काही फायदा नव्हता.

संग्राहकाला यात काय हवं असतं? कोरं करकरीत नहपानाचं नाणं? छे. गौतमीपुत्राचा ठसा पूर्ण उमटलेलं? तेही नाही. त्याला असं नाणं हवं असतं, की ज्यावर सातवाहनांचा डोंगर स्वच्छ दिसतो आणि त्या डोंगरामागून नहपानाचं नाक अजून बाहेर डोकावतं आहे. विजय पूर्ण झाला तर किंमत पडते. शत्रू थोडा शिल्लक राहिला, तर वाढते. बिचाऱ्या टांकसाळीतल्या कामगाराने हातोडा जरा तिरका मारला आणि दोन हजार वर्षांनी कोणाच्या तरी बँकखात्याला भोक पडलं.

नहपानानंतरचे क्षत्रप मात्र फारच टापटिपीचे निघाले. नखाएवढ्या चांदीच्या नाण्यावर राजाचं नाव, त्याचा हुद्दा, बापाचं नाव, बापाचा हुद्दा, आणि डोक्यामागे शक संवतातलं वर्ष. सरकारी अर्जातही याहून जास्त रकाने क्वचितच असतात. या नाण्यांवरून त्यांची वंशावळ जवळजवळ सलग लावता आली. अडचण पुन्हा चकतीचीच. वर्षाचा शेकडा येतो, दशक येतं आणि एकमचा आकडा नाण्याबाहेर हवेत छापला जातो. मग नाणेवेडा टेबलावरचा दिवा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत बसतो आणि घरातले लोक त्याला काही झालं तर नाही ना, म्हणून दारातून बघून जातात.

काही राजांची अवस्था याहून नाजूक. १९३९ साली वऱ्हाडात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांची पोटीनची दीड हजारावर नाणी मिळाली. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा त्यांत कुंभ सातकर्णी आणि कर्ण सातकर्णी असे राजे निघाले, ज्यांची पुराणांतल्या यादीत दखलच नाही. त्यांनी राज्य केलं, कर घेतले, दरबार भरवला असणार. त्यांच्यामागे उरलं काय? पोटीनचे काही तुकडे. ते मडकं कोणा तांबटाच्या भट्टीत गेलं असतं, तर कुंभ सातकर्णी कधी झालाच नसता.

ही भीती काल्पनिक नाही. १९४६ साली राजस्थानात बयाण्याजवळ गुप्त सम्राटांच्या सोन्याच्या नाण्यांचं भांडं सापडलं. बातमी सरकारदरबारी पोचेपर्यंत काही नाणी गावात वाटली गेली, काही मुशीत गेली. उरलेल्या १८२१ नाण्यांची सूची अनंत सदाशिव अळतेकरांनी केली. वाघ मारणारे, वीणा वाजवणारे, घोड्यावर बसलेले सम्राट त्या सूचीत आहेत. वितळलेल्यांपैकी कोणी काय वाजवत होता, ते कोणा तरी बाईच्या पाटल्यांनाच ठाऊक.

सराफाच्या काट्याचं काम एकच: नाण्यात चांदी किती ते सांगणं. पण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तोच काटा उलटा चालवला. अडीच हजार वर्षांपूर्वीपासूनची आहत नाणी, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरचे चांदीचे तुकडे. त्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसती सूर्य, प्राणी, झाडं अशी पाच चिन्हं. मागच्या बाजूला कधी सराफांनी तपासून मारलेल्या बारीक खुणा. कोसंबींनी तर्क लढवला, की नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. म्हणजे जितकं जास्त फिरलं, तितकं हलकं. मग त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतली नाणी गटागटाने तोलली, मागच्या खुणा मोजल्या आणि झिजेच्या हिशेबाने कोणता गट आधीचा, कोणता नंतरचा, ते मांडलं. हिशेबाची पडताळणी करायला त्यांनी चालू जमान्यातली चिल्लरही काट्यावर घातली. बाजारातला एक साधा पैसा एका गणितज्ञाने इतक्या बारकाईने तोलावा, हा त्या पैशाच्या आयुष्यातला सर्वोच्च सन्मान असावा. बाकीच्यांनी तो न मोजता पानवाल्याकडे टाकला होता.

कायद्याचीही या छंदावर नजर आहे, जरा जुन्या चष्म्यातून. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं घबाड सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. १८७८मधले दहा रुपये म्हणजे मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात वडापाव मिळेल याची खात्री नाही, पण आकडा तोच आहे. शिवाय १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांपुढचं नाणं हे पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून न्यू जर्सीच्या भाच्याला लग्नात शिवराई द्यायची हौस असणाऱ्या मामाने आधी थोडं वाचन करावं. चांदीचा करंडा सुरक्षित.

आता खोट्या नाण्यांकडे वळलं पाहिजे. नाणं जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोटं नाणं जन्मलं. मुहंमद तुघलकाने तर हा अवधीही ठेवला नाही. १३२९च्या सुमाराला त्याने पितळ-तांब्याची नाणी काढून फर्मावलं, की ही चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्या. यांतली काही दौलताबादेतही पाडली गेली. सुलतानाचा हुकूम मानणारा देवाचा हुकूम मानतो, अशा आशयाचा मजकूर त्यांवर छापला. लोकांनी हुकूम मनापासून मानला आणि घरोघर टांकसाळी सुरू केल्या; इतिहासकार बरनीने तशी तक्रारच लिहून ठेवली आहे. तीनेक वर्षांत सुलतान थकला आणि खजिन्यातून खरी चांदी देऊन त्याने ती नाणी परत घेतली. नाण्यांचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले. आज संग्राहक ही नाणी विकत घेतात, आणि हातातलं सुलतानाचं आहे की सुलतानाच्या प्रजेचं, यावर तासन् तास वाद घालतात.

नकलेतलं अभिजात नाव मात्र कार्ल विल्हेल्म बेकर या जर्मन गृहस्थाचं. हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक आणि रोमन नाण्यांचे इतके सुरेख ठसे कोरायचा, की संग्रहालयंही फसली. गोची एकच: नाणी नवी दिसत. मग त्याने तेलकट लोखंडी कीस भरलेली पेटी घोडागाडीच्या आसाला बांधली, नाणी तिच्यात टाकली आणि गाडी खडबडीत रस्त्याने हाकली. आपल्या म्हाताऱ्या मंडळींना फिरवून आणतो, असं तो म्हणे. दोन-चार फेऱ्यांत नाण्यांना शतकांची झीज यायची. त्याने कोरलेले ठसे आता बर्लिनच्या संग्रहालयात आहेत, आणि बेकरच्या नकला आवर्जून जमवणारे लोकही आहेत. त्यांना काळजी वाटते ती बेकरच्या नावाने कोणी नक्कल खपवेल याची.

आपल्याकडच्या नकलांना एवढीही मेहनत सोसत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा अर्धा आणा, त्यावर राम-सीता-लक्ष्मण आणि साल १६१६, अशी नाणी गावोगावच्या जत्रांत आणि मोबाइलवर फिरत असतात. ती तांदूळ ओढतात आणि भाग्य उजळतात असं सांगून लाखांच्या गोष्टी केल्या जातात. १६१६ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो अजमेरला जहांगीरच्या दरबारात कंपनीच्या व्यापाराच्या सवलतींसाठी ताटकळत होता. ज्या कंपनीला वखारीसाठी हात जोडावे लागत होते, तिने त्याच वर्षी हिंदुस्थानासाठी रामदरबाराचं नाणं पाडलं असं मानायला श्रद्धा फारच जाज्वल्य लागते. तिचा सगळीकडे एकसारखा चालणारा रुपया यायला १८३५ साल उजाडलं. रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या वेळचे सोन्याचे होन हा तर वेगळाच विषय. अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनीच पाहिलेला. 'आमच्याकडे आहे' असं सांगणारा मात्र प्रत्येक तालुक्यात एक.

आणि मग फोन येतात. गावात कोणी एक नाण्यांचा जाणकार आहे हे एकदा फुटलं, की सुटका नाही.

"नमस्कार दादा, ते वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे आमच्याकडे. दहा लाख मिळतात म्हणे."

"पाच मिळतात."

"पाच लाख?"

"पाच रुपये."

पलीकडे शांतता. मग संशय. हा माणूस स्वतःच ते स्वस्तात लाटायला बघतोय, असं पलीकडच्याला मनोमन पटतं आणि तो फोन ठेवतो. २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं, की जुनी नाणी आणि नोटा विकत घेण्याच्या नावाखाली आमचं नाव वापरून कोणी शुल्क मागत असेल तर देऊ नका. या निवेदनाचा उपयोग एवढा झाला, की फोन करणारे आता सुरुवातीलाच सांगतात, "रिझर्व्ह बँकेनेसुद्धा जुन्या नाण्यांबद्दल काहीतरी काढलंय."

या सगळ्यांत चालू नाण्यांना मात्र कोणी वाली नाही. दहा रुपयांचं नाणं महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी रिक्षावाला घेत नाही, भाजीवाली घेत नाही. कोणी म्हणतं ते बंद झालं, कोणी म्हणतं रुपयाचं चिन्ह नसलेलं खोटं. जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला, की या नाण्याचे आजवर १४ नमुने निघाले आहेत आणि सगळेच्या सगळे वैध आहेत. लोकांनी हा खुलासा वाचला आणि चौदाच्या चौदा नमुने नाकारायला सुरुवात केली. नाणेवेड्याने वाचला आणि तो ताडकन उठून बसला. चौदा! त्याच्याकडे तेरा होते.

हल्ली तो मंडईत जातो तेव्हा भाजीकडे बघत नाही. गळ्यात पडलेली दहाची नाणी कोणत्या मावशीने पोत्याखाली सारली आहेत, याची त्याला बित्तंबातमी असते. तो ती ओंजळीत घेऊन भिंगाखाली एकेक पालथी करतो: हिऱ्याची खूण म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, खूणच नाही म्हणजे कोलकाता. मागे रांग वाढते. अखेर हवं ते सापडतं आणि तो नोट पुढे करतो.

"घ्या की," मावशी म्हणतात. "पण एक सांगते, परत आणून द्यायचं नाही."